वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतील शोध आणि संशोधनावरची करसवलत

गेल्या अंकातील एका छोट्या टिपणात आम्ही लिहिले होते की, जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने अमेरिकेतील कंपन्यांना देशातल्या देशात केलेल्या संशोधनाचा खर्च पुन्हा त्याच वर्षी उत्पन्नातून वजा करण्याची मुभा दिली आहे. टिपण जेमतेम काही ओळींचे होते. पण त्यावर वर्धा, यवतमाळ, अमरावती, अकोला आणि चंद्रपूर जिल्ह्यांतून पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. सदराच्या प्रथेप्रमाणे पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : अमेरिका पुढे गेली ती तिथले सरकार संशोधनाला कर माफ करते म्हणून, असे आमच्याकडे भाषणांतून नेहमी ऐकायला मिळते. हे खरे आहे का? ही सवलत तिथे कधीपासून आहे?
— एक पदवीधर शेतकरी, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : सन-सनावळ्या समोर ठेवल्या की हा समज टिकत नाही. अमेरिकेतील आजचा केंद्रीय प्राप्तिकर १९१३ मध्ये, संविधानाच्या सोळाव्या दुरुस्तीनंतर सुरू झाला. त्याआधी यादवी युद्धाच्या निमित्ताने असा कर काही वर्षे होता, पण तो १८७२ मध्ये बंद झाला. मॅकॉर्मिकचे कापणीयंत्र (पेटंट १८३४), मोर्सची वॉशिंग्टन ते बाल्टिमोर ही तारयंत्राची लाइन (१८४४), एडिसनची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा (१८७६) यांपैकी एकाच्याही काळात संशोधनाच्या खर्चावर प्राप्तिकराची सवलत नव्हती. मुळात करच नसताना माफी कशाची द्यायची?

मग त्या काळात काय होते? एक म्हणजे पेटंट. १७८७ मध्ये तयार झालेल्या संविधानातच संशोधकाला ठरावीक मुदतीपुरता एकाधिकार देण्याचा अधिकार काँग्रेसकडे, म्हणजे तिथल्या संसदेकडे, सोपवलेला आहे. पहिला पेटंट कायदा १७९० चा. त्याच वर्षी ३१ जुलै रोजी सॅम्युएल हॉपकिन्स यांना पोटॅश तयार करण्याच्या पद्धतीवर पहिले पेटंट मिळाले आणि त्यावर राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांची सही होती. पुढे १७९३ ते १८३६ या काळात पेटंट ही नुसती नोंदणी झाली होती. अर्ज खरोखर नव्या गोष्टीचा आहे की नाही हे कोणी तपासत नसे. तपासनीस नेमून अर्जांची छाननी करण्याची पद्धत १८३६ च्या कायद्याने पक्की झाली.

दुसरे म्हणजे सरकारी पैसा आणि सरकारी जमीन. मोर्सच्या त्या लाइनसाठी काँग्रेसने १८४३ मध्ये ३०,००० डॉलर मंजूर केले होते. १८६२ च्या मॉरिल कायद्याने प्रत्येक राज्याला त्याच्या काँग्रेसमधील प्रत्येक सदस्यामागे ३०,००० एकर जमीन दिली आणि ती विकून आलेल्या पैशातून शेती व यंत्रविद्येची महाविद्यालये उभी करायला सांगितले. ही जमीन बहुतांशी मूळ रहिवासी जमातींकडून घेतलेली होती, हे त्या कायद्याचे गोडवे गाताना सहसा सांगितले जात नाही. १८८७ च्या हॅच कायद्याने प्रत्येक राज्याच्या कृषी प्रयोग केंद्राला वर्षाला १५,००० डॉलर देऊ केले आणि १९१४ च्या कायद्याने त्या केंद्रांतील ज्ञान शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेणारी विस्तार सेवा सुरू केली. संशोधनावरची करसवलत या सगळ्यानंतर आली. तिचा पहिला टप्पा १९५४ चा आणि दुसरा १९८१ चा आहे.

प्रश्न : मी जिनिंगमध्ये फिटर आहे. जिनचा शोध एली व्हिटने यांनी लावला असे पुस्तकात आहे. त्यांना पेटंटचा पैसा मिळाला का?
— एक वाचक, हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर : मिळाला, पण कोर्टकचेऱ्यांत बराचसा गेला. आधी ‘जिनचा शोध’ याविषयी थोडे लिहिले पाहिजे. सरकी आणि रुई वेगळी करणारी दोन रुळांची चरखी आपल्याकडे शतकानुशतके होती आणि ती अमेरिकेतही पोचली होती. लांब धाग्याच्या, गुळगुळीत सरकीच्या कापसाला ती चाले. जॉर्जियाच्या आतल्या भागात पिकणाऱ्या आखूड धाग्याच्या कापसाची सरकी मात्र रुईला घट्ट चिकटलेली असे आणि ती चरखीत नीट सुटत नसे. व्हिटने यांनी लाकडी रुळावर तारेचे दात बसवले. हे दात एका जाळीच्या फटींतून रुई पलीकडे ओढून नेत. फटी सरकीपेक्षा अरुंद असल्यामुळे सरकी अलीकडेच राही, आणि मागे फिरणारा ब्रश दातांवरची रुई झाडून काढी. याचे पेटंट १४ मार्च १७९४ चे आहे.

व्हिटने आणि त्यांचे भागीदार मिलर यांनी यंत्रे विकण्याऐवजी स्वतःच कापूस जिन करून देण्याचे ठरवले आणि मोबदल्यात दोन पंचमांश हिस्सा मागितला. बागायतदारांना हा दर भलताच जड वाटला. यंत्र इतके साधे होते की गावोगावच्या सुतार-लोहारांनी त्याच्या नकला केल्या. पेटंट कायद्याच्या शब्दरचनेत पळवाट होती, ती १८०० मध्ये बुजवली गेली. ठोस निकाल व्हिटने यांच्या बाजूने लागला तो १८०७ मध्ये, म्हणजे पेटंटची मुदत संपत आल्यावर. दक्षिण कॅरोलिना राज्याने हक्कांपोटी ५०,००० डॉलर देण्याचे कबूल केले खरे, पण १८१२ मध्ये मुदतवाढीची त्यांची विनंती काँग्रेसने फेटाळली. त्यांना पुढे स्थिर उत्पन्न मिळाले ते सरकारी कंत्राटातून : १७९८ मध्ये त्यांनी १०,००० बंदुका पुरवण्याचा करार केला होता आणि त्यात आगाऊ रकमेची सोय होती.

या यंत्राचा हिशेब तेवढ्यावर संपत नाही. जिनिंग सोपे झाले तसा कापसाचा पेरा वाढला, आणि वेचणी हातानेच होत असल्याने गुलामांची मागणीही वाढली. १७९० मध्ये अमेरिकेत सुमारे सात लाख गुलाम होते, १८६० मध्ये जवळपास चाळीस लाख. नव्या शोधाचा लाभ कोणाला आणि भार कोणावर, हा प्रश्न पेटंटच्या कायद्यात कुठेच येत नाही.

आपण रोज ज्या डबल रोलर जिनवर काम करता, तिचा वंश व्हिटने यांच्या दातेरी जिनचा नाही. चामड्याचा रोलर, त्याला टेकलेली स्थिर सुरी आणि सरकी ठोकून पाडणारी हलती सुरी ही रचना फोन्स मॅकार्थी यांची. तिचे अमेरिकन पेटंट १८४० चे आहे.

प्रश्न : वजावट आणि क्रेडिट यांत नेमका फरक काय? अमेरिकेतील सवलत मोजतात कशी, हे विद्यार्थ्यांना सांगता येईल असे समजावून द्यावे.
— वाणिज्य विषयाच्या एक शिक्षिका, दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : वजावट उत्पन्नातून होते, क्रेडिट थेट करातून. अमेरिकेत कंपन्यांवरील केंद्रीय कर सध्या २१ टक्के आहे. म्हणजे १०० डॉलरच्या वजावटीने २१ डॉलर वाचतात, १०० डॉलरच्या क्रेडिटने पूर्ण १०० वाचतात. अमेरिकेत दोन्ही आहेत, आणि ती वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या कारणांनी आली.

आधी वजावट. संशोधनावर खर्च केलेला पैसा महसुली (धंद्याचा चालू खर्च) धरायचा की भांडवली (अनेक वर्षे उपयोगी पडणाऱ्या मालमत्तेवरचा), हा १९५४ पूर्वीचा वाद होता. भांडवली धरला तर तो त्या वर्षी वजा करता येत नसे, आणि संशोधनातून निर्माण झालेल्या ज्ञानाचे ‘आयुष्य’ किती वर्षांचे हे ठरवता येत नसल्याने तो नुसता अडकून पडे. कायमची प्रयोगशाळा चालवणाऱ्या मोठ्या कंपन्या यातून वाट काढत, लहान माणूस अडचणीत येई. १९५४ च्या करसंहितेतील १७४ व्या कलमाने हा वाद मिटवला : खर्च त्याच वर्षी वजा करा, किंवा किमान ६० महिन्यांत विभागून. तरीही एक शंका उरली. अजून धंदाच सुरू झालेला नाही, विक्रीचा पत्ता नाही, अशा टप्प्यावर केलेल्या संशोधनाचे काय? कचरा जाळणारी एक नवी भट्टी विकसित करणाऱ्या भागीदारीतील स्नो नावाच्या भागीदाराने हे भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले, आणि न्यायालयाने १९७४ मध्ये अशी वजावट मान्य केली. विक्रीआधीची वर्षे हीच नव्या उद्योगाची खरी कसोटी असल्याने हा निकाल दिसतो त्याहून मोठा आहे.

आता क्रेडिट. १९७० च्या दशकात अमेरिकेतील उत्पादकतेची वाढ मंदावली होती आणि जपानी मालाशी स्पर्धा वाढली होती. त्या वातावरणात ऑगस्ट १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या सहीने जो मोठा करकायदा झाला, त्यात संशोधनावरचे क्रेडिट आले. ते एकूण खर्चावर नव्हते, वाढीव खर्चावर होते : मागील तीन वर्षांच्या सरासरीपेक्षा यंदा जितका जास्त खर्च, त्याच्या २५ टक्के. तर्क असा की जे संशोधन कंपनी तशीही करणार होती, त्यासाठी सरकारने पैसे का मोजावेत?

फळ्यावर मांडायला हे उदाहरण घ्यावे. एका कंपनीची तीन वर्षांची सरासरी १० लाख डॉलर आहे आणि यंदा तिने १६ लाख खर्च केले. वाढ ६ लाख, क्रेडिट दीड लाख. इथपर्यंत सगळे छान आहे. पण यंदाचे हे जादा ६ लाख पुढील तीन वर्षांच्या सरासरीत शिरतात आणि दरवर्षी ती २ लाखांनी वर चढवतात. म्हणजे पुढील तीन वर्षे क्रेडिट दरवर्षी ५० हजारांनी घटते. आज हाती आलेले दीड लाख तीन हप्त्यांत परत जातात आणि कंपनीच्या पदरात उरतो तो फक्त मधल्या काळाचा व्याजाचा फायदा! २५ टक्क्यांची जाहिरात झालेली सवलत प्रत्यक्षात किती पातळ होती, हे विद्यार्थ्यांना या एका गणितातून कळेल. १९८६ मध्ये दर २० टक्क्यांवर आला. १९८९ मध्ये हा दोष काढण्यासाठी तुलनेचा पाया १९८४ ते १९८८ या काळातील संशोधन आणि विक्री यांच्या प्रमाणाशी बांधला गेला. पुढे ती वर्षे जुनी होऊन निरर्थक झाली, तेव्हा एक सोपी पर्यायी पद्धत आणली गेली : मागील तीन वर्षांच्या सरासरीच्या निम्म्यापेक्षा जितका जास्त खर्च, त्यावर आता १४ टक्के. तीत जुना दोष काही अंशी परत आला आहे, पण हिशेब सोपा असल्याने कंपन्यांना ती सोयीची वाटते.

या क्रेडिटची आणखी एक विचित्र गोष्ट म्हणजे ते चौतीस वर्षे तात्पुरतेच होते. दर थोड्या वर्षांनी मुदत संपे आणि काँग्रेस ती वाढवून देई, कधी मागील तारखेपासून. जुलै १९९५ ते जून १९९६ या बारा महिन्यांसाठी तर ती भरूनच दिली गेली नाही. संशोधनाचा प्रकल्प पाच-सात वर्षे चालणार आणि सवलत पुढच्या वर्षी असेल की नाही याची खात्री नाही, अशा स्थितीत त्या सवलतीवर विसंबून कोणी नवा प्रकल्प हाती घेईल, हे संभवत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये ते अखेर कायम झाले.

क्रेडिट कायम झाले, आणि दोनच वर्षांनी वजावटीवर घाव आला. २०१७ च्या कायद्याने कंपनीकर ३५ वरून २१ टक्क्यांवर आणला. त्यातून होणारी तूट कागदावर कमी दिसावी म्हणून २०२२ पासून देशातील संशोधनाचा खर्च पाच वर्षांत आणि परदेशातील पंधरा वर्षांत विभागून वजा करण्याची सक्ती केली. पहिल्या वर्षी अर्ध्याच वर्षाचा हिस्सा मिळत असल्याने वजावट फक्त १० टक्के. एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीची मिळकत १० लाख डॉलर आणि संशोधनावरचा खर्चही १० लाख असेल, तर हाती छदाम उरलेला नसताना ९ लाखांच्या ‘नफ्यावर’ १ लाख ८९ हजार डॉलर कर भरायचा. लहान कंपन्यांची यात फार ओढाताण झाली. जुलै २०२५ च्या कायद्याने देशातील खर्चापुरती जुनी सोय परत आणली. परदेशातील संशोधनाची पंधरा वर्षे मात्र तशीच आहेत, आणि ही बाब पुण्या-बंगळूरला संशोधन केंद्रे चालवणाऱ्या अमेरिकन कंपन्यांच्या हिशेबात येते.

प्रश्न : एवढे करून संशोधन खरेच वाढते, की जुन्याच खर्चाला संशोधनाचे लेबल लावले जाते?
— एक निवृत्त बँक कर्मचारी, मूर्तिजापूर, जि. अकोला

उत्तर : दोन्ही होते. ब्रॉनविन हॉल आणि जॉन व्हॅन रीनन या अर्थतज्ज्ञांनी २००० मध्ये अशा अभ्यासांचा आढावा घेतला. त्याचा निष्कर्ष ढोबळमानाने असा की, सोडलेल्या कराच्या एका डॉलरमागे संशोधनावरील खर्च सुमारे एका डॉलरने वाढतो. हा परिणाम वाईट नाही, डोळे दिपवणाराही नाही. ऑस्टन गूल्सबी यांनी १९९८ मध्ये दाखवले की संशोधनावरचा सरकारी पैसा वाढला की त्याचा बराच भाग शास्त्रज्ञ-अभियंत्यांच्या पगारवाढीत जातो, कारण प्रशिक्षित माणसे एका रात्रीत वाढत नाहीत.

माझे मत असे आहे की, करसवलतीची खरी मर्यादा लबाडीत नाही, दिशेत आहे. कोणते संशोधन करायचे हे कंपनी ठरवते आणि सरकार फक्त बिलाचा काही भाग उचलते. ट्रान्झिस्टर डिसेंबर १९४७ मध्ये बेल या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाला, तेव्हा असे क्रेडिट नव्हते. त्यामागे टेलिफोनच्या मक्तेदारीचा पैसा होता. १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीने बेलला आपली जुनी पेटंटे इतरांना विनामूल्य वापरू द्यावी लागली आणि ते ज्ञान देशभर पसरले. इंटरनेटचे बीज असलेले अर्पानेट १९६९ मध्ये सुरू झाले ते संरक्षण खात्याच्या पैशावर.

प्रश्न : आमच्या तालुक्यातील दादाजी खोब्रागडे यांनी एचएमटी धान शोधला. ते अमेरिकेत असते तर त्यांना करसवलतीचा फायदा झाला असता का?
— एक विद्यार्थी, ता. नागभीड, जि. चंद्रपूर

उत्तर : करसवलतीचा झाला नसता. सवलत त्यालाच उपयोगी पडते ज्याला कर भरायचा आहे आणि ज्याच्याकडे खर्चाच्या पावत्या आहेत. नांदेड या आपल्या तालुक्यातील गावी दादाजींनी १९८३ मध्ये पटेल-३ या वाणाच्या बांधीत वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या, त्यांचे बी वेगळे राखले आणि वर्षानुवर्षे निवड करून बारीक दाण्याचा वाण पक्का केला. यात गुंतवणूक होती ती नजरेची आणि सबुरीची, आणि ती कोणत्याही कराच्या विवरणपत्रात दाखवता येत नाही. शिवाय आपल्याकडे शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्तच आहे.

पेटंटचे काय, हा प्रश्न अधिक रंजक आहे. अमेरिकेने १९३० मध्ये वनस्पतींसाठी पेटंट सुरू केले, पण ते कलम, छाटणी अशा मार्गांनी वाढवलेल्या झाडांपुरते, म्हणजे मुख्यतः फळझाडे आणि गुलाब यांच्यासाठी होते. बियाण्यापासून येणाऱ्या वाणांना तिथे संरक्षण मिळाले ते १९७० च्या कायद्याने. तिथला एखादा धान उत्पादक १९६० मध्ये असा वाण घेऊन गेला असता, तर त्याला रिकाम्या हाताने परत यावे लागले असते. आपला २००१ चा पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा याबाबतीत पुढे आहे : त्यात शेतकऱ्याच्या वाणाची स्वतंत्र नोंदणी होते आणि शेतकऱ्याला त्यासाठी शुल्क नाही. दादाजींचा वाण त्याआधीच गावोगाव पसरला होता. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने पीकेव्ही-एचएमटी या नावाने वाण प्रसारित केला, आणि श्रेयाचा वाद बराच काळ चालला. २००५ मध्ये त्यांना राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार राष्ट्रपती कलाम यांच्या हस्ते मिळाला. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

अशा शोधाला अमेरिकेत आधार मिळाला असता तो कृषी प्रयोग केंद्रांचा. तिथले संकरित मक्याचे बियाणे याचे चांगले उदाहरण आहे. डोनाल्ड जोन्स यांनी कनेक्टिकटच्या प्रयोग केंद्रात ते व्यवहारात परवडेल अशी पद्धत बसवली, आणि हेन्री वॉलेस यांची बियाणे कंपनी त्यानंतर, १९२६ मध्ये निघाली. आपली कृषी विद्यापीठे त्याच नमुन्यावर उभी राहिली. पंतनगरचे पहिले विद्यापीठ १९६० मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने सुरू झाले आणि अकोल्याचे १९६९ मध्ये. इमारती आणि पदव्या आपण नीट उचलल्या. शेतकऱ्याने स्वतः शोधलेल्या गोष्टीची दखल घेऊन तिची रीतसर चाचणी करणे आणि त्याचे नाव त्यावर राखणे यात मात्र आपण कमी पडलो.

प्रश्न : माझे अवजारांचे छोटे वर्कशॉप आहे. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रात सोयाबीनच्या ओळींमध्ये तूर वेगळ्या अंतरावर पडावी म्हणून बियाण्याच्या चकत्या बदलून पाहतो आहे. अमेरिकेत हे संशोधन धरले असते का? आणि इथे मला काही मिळेल का?
— एक वाचक, अंजनगाव सुर्जी, जि. अमरावती

उत्तर : अमेरिकेत धरले जाण्याची शक्यता चांगली आहे. तिथे पांढरा कोट घातलेला शास्त्रज्ञ लागत नाही. काम अभियांत्रिकी किंवा विज्ञानावर आधारलेले असावे, वस्तू नवी किंवा सुधारलेली व्हावी, ती कशी साधेल याविषयी सुरुवातीला खरी अनिश्चितता असावी, आणि ती दूर करण्यासाठी पर्याय तपासून पाहिलेले असावेत. आपल्या चकत्यांची जाडी, छिद्रांचा आकार आणि त्यांतून बी फुटते की सुटते हे पाहणे यात बसते. रंग बदलणे, बाजारपेठेची पाहणी करणे किंवा उत्पादन सुरू झाल्यानंतरची नेहमीची तपासणी बसत नाही.

अडचण पुराव्याची येते. इलिनॉयमधील सीमर मिलिंग या पिठाच्या गिरणी-कंपनीने अनेक प्रकल्पांवर असे क्रेडिट मागितले होते. करन्यायालयाने २०१९ मध्ये ते नाकारले, कारण काय गृहीत धरले, कोणती चाचणी घेतली आणि निष्कर्ष काय निघाला याच्या नोंदी कंपनी दाखवू शकली नाही. नफाच नसलेल्या छोट्या, नव्या उद्योगांसाठी २०१५ च्या कायद्याने एक सोय केली : क्रेडिट प्राप्तिकराऐवजी कामगारांच्या पगारावरील मालकाच्या हिश्श्याच्या करातून वळते करता येते. त्याची वार्षिक मर्यादा आधी अडीच लाख डॉलर होती, २०२२ च्या कायद्याने ती पाच लाख झाली.

आपल्याकडे १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील ३५ व्या कलमाने आपल्या धंद्याशी संबंधित शास्त्रीय संशोधनाचा खर्च, जमिनीची किंमत सोडून, पूर्ण वजा होतो. कंपन्यांच्या मान्यताप्राप्त संशोधन केंद्रांना काही काळ खर्चाच्या दुप्पट वजावट मिळे. ती २०१७-१८ पासून दीडपट आणि २०२०-२१ पासून एकपट झाली. आपले वर्कशॉप कंपनी नसल्याने ती वाढीव सवलत आपल्याला तेव्हाही नव्हती. साधी वजावट मात्र मिळू शकते, आणि तिथे एक गोष्ट तपासून घ्यावी. आपण कलम ४४एडी खाली उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर नफा दाखवून विवरणपत्र भरत असाल, तर सगळे खर्च त्यातच आले असे धरले जाते आणि संशोधनाचा खर्च वेगळा मागता येत नाही. हिशेबाच्या वह्या ठेवून नेहमीच्या पद्धतीने विवरण भरणे आपल्याला परवडेल का, हे करसल्लागाराकडून आकड्यांनिशी ताडून घ्या. वरील कलमे १९६१ च्या कायद्यातील आहेत; प्राप्तिकराचा २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्याने करसल्लागाराकडून कलमांचे नवे क्रमांकही विचारून घ्यावेत. आणि यंत्र विकायला काढण्याआधी, किंवा एखाद्या कृषी प्रदर्शनात मांडण्याआधी, पेटंटची चौकशी करावी. एकदा लोकांसमोर आलेली रचना पेटंटच्या दृष्टीने नवी धरली जाणे अवघड होते.